मोरीच्या दारापर्यंत

आई मोरीत पडली तेव्हा मी चाकणला कंपनीत होते. पहिली शिफ्ट होती. आमच्याकडे आत जाताना फोन गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे दुपारी साडेतीनला बाहेर येईपर्यंत मला काहीच कळलं नाही. फोन हातात आला तेव्हा त्यावर आईच्या समोर राहणाऱ्या काकूंचे सहा मिस्ड कॉल होते. बसकडे न जाता मी तिथंच गेटजवळ उभी राहून त्यांना फोन लावला. आई सकाळी साडेसहाला अंघोळीला गेली, ओल्या फरशीवरून तिचा पाय सरकला आणि ती तिथंच पडून राहिली, असं त्यांनी सांगितलं. तिनं हाका मारल्या, पण त्या वेळी गल्लीत पाणी येतं आणि घरोघरी मोटारी चालू असतात, त्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. साडेनऊला काकू सहज म्हणून घरात शिरल्या, तेव्हा ती सापडली.

म्हणजे तीन तास. कमरेचं हाड शाबूत होतं, पण मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. संध्याकाळी मी दापोडीला पोचले तेव्हा आई हाताला प्लास्टर घालून खाटेवर बसली होती. मला बघून म्हणाली, "काही नाही गं, जरा बसले होते." जणू ती मोरीत हवा खायला बसली होती.

आईचं घर दापोडीला रुळांच्या बाजूच्या गल्लीत आहे. पुढची खोली, मागची खोली, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी. वडील फाउंड्रीत होते. आई घरी बसून कारखान्यांची कामं करायची. गोणीभर रबरी वॉशर यायचे, त्यांच्या कडेला राहिलेलं जास्तीचं रबर कात्रीनं कापायचं. शाळेतून आल्यावर मीही कापायला बसायचे. माझ्या वह्यांनाही त्या रबराचा वास यायचा. वडील जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून आई एकटीच राहते. तिला आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे.

प्लास्टर होतं तेवढे दिवस मी तिला चाकणला आमच्याकडे आणलं. आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. मुलगी शिकायला नागपूरला, घरात मी आणि नवरा, आणि दोघांच्याही शिफ्ट. आई दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीवर बसून खाली पार्किंगमधल्या गाड्या बघायची. तिनं एकदाही तक्रार केली नाही. प्लास्टर काढायला दवाखान्यात गेलो त्या दिवशी मात्र ती आपली पिशवी भरूनच निघाली. दवाखान्यातून बाहेर आल्यावर म्हणाली, "आता मला घरी सोड."

त्या आठवड्यात मी कॅमेऱ्याचं ठरवलं.

नवऱ्याला पटलं. तो एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून सुटे भाग बनवतात तिथं, मेंटेनन्सला आहे. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटलं की त्याला आधी तिची पूर्ण माहिती लागते. चार दिवस तो फोनवर व्हिडिओ बघत होता. वायरचा बरा की वायफायचा, एका जागी बघणारा की मान फिरवणारा, अंधारात दिसणारा, आवाज ऐकू येणारा, आपण इकडून बोललो तर तिकडे ऐकू जाणारा. मला त्यातलं निम्मं समजत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की आई सतत दिसली पाहिजे. घरात एकही कोपरा असा नको की जिथं ती पडली आणि मला कळलं नाही.

आकुर्डीला एका दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "चोरीसाठी लावायचाय की कुणावर लक्ष ठेवायला?" 'लक्ष ठेवायला' हे शब्द मला बोचले. आमच्या कंपनीत प्रत्येक लाइनवर कॅमेरा आहे. मी तपासणीला बसते त्या टेबलावरही आहे. बारा वर्षांत त्याची सवय झाली म्हणते, पण अजूनही जांभई आली की मी मान खाली घालते. शेवटी नवराच म्हणाला, की सासूबाई एकट्या असतात, त्यांच्यासाठी. दुकानदारानं चार कॅमेऱ्यांचा सेट सुचवला. मी लगेच हो म्हटलं. मोरीवर एक लावता येईल का, असंही विचारलं. त्यानं बिलाचं पुस्तक पुढं ओढलं. मग म्हणाला, "ताई, फिटिंग करणारा माणूस येईल, त्याच्याशी बोला."

गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तो आला. पन्नाशी ओलांडलेला, शांत माणूस. पूर्वी भोसरीत लेथवर होता, कंपनी दुसरीकडे गेली तेव्हा हे काम शिकला, असं त्यानं चहा पिताना सांगितलं. त्यानं चारही कॅमेरे पिशवीतून काढले, पण शिडी काही उघडली नाही. आईसमोर खाली बसला आणि तिलाच विचारलं, "मावशी, दिवसभर तुम्ही कुठं कुठं असता?"

आईच्या आधी मीच उत्तर दिलं. म्हटलं, "पुढच्या खोलीत, खाटेवर. टीव्ही बघत असते."

आई माझ्याकडे बघून हसली. "टीव्ही बंद पडून वर्ष झालं की," ती म्हणाली.

मी दर पंधरा दिवसांनी या घरात येत होते. त्या खाटेवर बसून चहा पीत होते. टीव्हीवर पांघरलेलं क्रोशाचं कापड मला दिसत होतं. त्या कापडाखालचा टीव्ही चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी गेले की आम्ही बोलत बसायचो, टीव्ही लावायची वेळच यायची नाही. बोलायचे तरी मीच, कंपनीतलं, मुलीचं, सासरचं.

त्या माणसानं चारही कॅमेरे परत पिशवीत टाकले. मग मला म्हणाला, "ताई, लावायला अर्धा तास लागतो. पण कुठं लावायचा ते कळल्याशिवाय लावू नये. तुम्ही दोन दिवस इथं राहा, बघा. मी रविवारी येतो." उठताना मोरीत डोकावून त्यानं फरशीवर अंगठा घासून बघितला. "आणि आधी इथं भिंतीला दांडी लावा, धरायला. कॅमेरा काही पडताना हात देत नाही."

मला थोडा रागच आला होता. तरी शुक्रवार ते रविवार रजा टाकली आणि राहिले.

लग्न झाल्यापासून आईकडे मी अशी नुसती राहिलेच नव्हते. बाळंतपणाला राहिले होते, वडिलांच्या आजारपणात राहिले होते, पण काही काम नसताना, फक्त आई काय करते ते बघत, कधीच नाही. आईलाही संकोच वाटत होता. पहिल्या दिवशी सकाळी ती सारखी विचारत होती, "तुला काय करून देऊ?" मी म्हटलं, काही नको, तू तुझं रोजचं कर.

ती भिंतीला धरून चालते, हे मला त्या दिवशी दिसलं. खाटेच्या कठड्यावरून हात कपाटावर, कपाटावरून दाराच्या चौकटीवर, तिथून मागच्या भिंतीवर. चौकटीचा रंग एका जागी गेला होता, बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर. दुपारी ती खाटेवर झोपत नाही. खाट उंच आहे, उतरताना गुडघा दुखतो. मागच्या खोलीत सतरंजी अंथरून पडते आणि उठताना पाण्याच्या पिंपाचा आधार घेते. ते पिंप रिकामं असेल तर हलतं, म्हणून ती ते कधी रिकामं होऊ देत नाही. हे सगळं तिनं एकटीनं जमवून आणलं होतं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

साडेनऊला समोरच्या काकू आल्या. काकू मूळच्या बीडकडच्या. त्यांचा मुलगा मारुंजीला राहतो, कंपनीच्या गाड्या चालवतो. त्या आल्या आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी बसल्या. आईनं चष्मा लावला, पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागली. काकूंना वाचता येत नाही. आईलाही चाळिशीपर्यंत येत नव्हतं. विहारात प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा ती तिथं शिकली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि आई माझ्या जुन्या पाटीवर अक्षरं गिरवते याची मला थोडी लाजही वाटायची. आता ती बोट ठेवत, अडखळत, पण एकही शब्द न गाळता वाचत होती. पाणीकपात, मेट्रो, कुणाचं तरी भाषण. काकू शेंगा सोलत ऐकत होत्या. मधेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय बघायलीस गं? रोजचंच हाय आमचं."

मग मला कळलं, की त्या दिवशी साडेनऊला काकू सहज म्हणून आल्या नव्हत्या. त्या पेपर ऐकायला आल्या होत्या.

शनिवारी दुपारी आई सतरंजीवर पडली होती, मी शेजारी बसले होते. इतके दिवस विचारायचं टाळलेलं मी तेव्हा विचारलं. त्या तीन तासांत तिच्या मनात काय येत होतं?

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "पहिल्यांदा लुगडं नीट केलं. कुणी आलं तर बरं दिसावं म्हणून. मग तुझाच विचार. कारखान्याचा भोंगा ऐकू येत नाही आता, पण मला अंदाज असतो. आता तुझी बस निघाली असेल. आता तू टेबलावर बसली असशील. आता चहा झाला असेल. असं करत करत वेळ गेला."

"तुला माझ्या शिफ्टच्या वेळा माहीत आहेत?"

"माहीत नसायला काय झालं? दर आठवड्याला विचारते की तुला, या आठवड्यात कुठली पाळी."

खरंच, ती विचारायची. फोनवर आमचं पहिलं वाक्य तेच असायचं. मला वाटायचं, तिला बोलायला दुसरं काही सुचत नाही.

मला रडू आलं. आईनं प्लास्टरमधून नुकताच सुटलेला, बारीक झालेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. म्हणाली, "लाव तो कॅमेरा. तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर लाव. पण मग मलाही तुझं घर दिसलं पाहिजे."

मी हसले. मला वाटलं, ती चेष्टा करते. ती चेष्टा करत नव्हती. "तू कधी काय करतेस ते मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण ते करताना कशी दिसतेस ते मला कुठं माहीत आहे?"

संध्याकाळी नवऱ्याला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, की तो घरात बनियनवर असतो, त्याचं काय. मी म्हटलं, शर्ट घाल. मग तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. आपण बघणार तर त्यांनीही बघावं." रविवारी सकाळी तो स्वतः मोरीसाठी स्टीलची दांडी आणि कंपनीतल्या मित्राकडून मागितलेलं ड्रिल घेऊन आला. आईनं हात उंच करून दाखवला, तेवढ्यावर त्यानं खूण केली. फरशीवर खरखरीत रबराची पट्टीही टाकली. आईनं पायानं चाचपून बघितलं आणि पट्टीची कड वाकडी कापली आहे, असं सांगितलं. वॉशर कापणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं.

दुपारी फिटिंगवाला आला. चारांऐवजी दोनच कॅमेरे घ्यायचे ठरलं. एक इथं, मागच्या खोलीत. एक आमच्या स्वयंपाकघरात, चाकणला. दोन्ही साधे, बोलता-ऐकता येणारे. मागच्या खोलीतला कुठं लावायचा ते आईनं ठरवलं. त्यानं शिडीवरून कॅमेरा धरला, मी फोनवर चित्र आईला दाखवत होते आणि ती सांगत होती. सतरंजीची जागा दिसली पाहिजे. पिंप दिसलं पाहिजे. उंबरा दिसला पाहिजे, म्हणजे काकूही दिसतील. मोरीचं दार दिसलं पाहिजे, आतलं नको. आणि कपाटामागचा कोपरा, जिथं ती साडी नेसते, तो नको. त्या कोपऱ्यासाठी त्यानं कॅमेरा तीन वेळा फिरवला. आई स्वतः भिंत धरत त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिथून विचारलं, "दिसते का मी?" मी म्हटलं, नाही. तेव्हा ती म्हणाली, "मग बसवा."

मला अजून शंका होती. मोरीत काय होतं ते कळणारच नाही, असं मी म्हटलं. तो शिडीवरून म्हणाला, "आत गेलेल्या दिसतील, बाहेर आलेल्या दिसतील. त्याच्या मधलं त्यांचं आहे, ताई."

आमचा जुना टॅब आईला दिला. नवऱ्यानं त्यावर एकच चौकोन ठेवला, तो दाबला की आमचं स्वयंपाकघर दिसायचं.

पहिले काही दिवस मी वेड्यासारखी बघायचे. शिफ्टला जायच्या आधी, बसमध्ये, गेटवर फोन जमा करेपर्यंत. परत हातात आला की पुन्हा. पडद्यावर आई एवढीशी दिसायची, शेंगदाण्याएवढी. भिंतीवरून सरकणारा तिचा हात बघत मी बसमध्ये श्वास रोखून बसायचे.

तिकडून तीही बघत होती. तिसऱ्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून डब्यातच पोळीभाजी खात होते, तेवढ्यात वरून आवाज आला, "उभ्यानं का जेवतेस?" मी इतकी दचकले की घास पडला. पुढं होऊन खुर्ची ओढली आणि बसले. कितीतरी वर्षांनी त्या टेबलाशी मी एकटी बसून जेवले. आवाज चालूच होता, तिच्याकडून रेल्वे गेल्याची घरघर ऐकू आली.

माझी पहिली शिफ्ट असली की सकाळचा चहा नवरा करतो, हे तिला असंच कळलं. तिनं मला विचारलं, की हे कधी सांगितलं नाहीस? मला वाटलं, जावयानं चहा केलेला तिला आवडणार नाही, म्हणून मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आलं किसत असताना ती वरून म्हणाली, "आलं जरा ठेचून घाला, जावई." तो सटपटला, मग हसला, आणि ठेचून घातलं. आता तो चहा ठेवायच्या आधी शर्ट घालतो आणि केसांवरून कंगवाही फिरवतो.

एकदा मात्र घाबरगुंडी उडाली. दुसऱ्या शिफ्टचा आठवडा होता, मी सकाळी घरीच होते. आई मोरीत गेलेली दिसली. मी भाजी चिरली, कणीक मळली, फोन बघितला, दार बंदच. पंचवीस मिनिटं झाली. मी कॅमेऱ्यातून हाका मारल्या. उत्तर नाही. माझे हात पिठाचे होते, तसेच काकूंना फोन लावला. पडद्यावर काकू उंबरा ओलांडून धावत आलेल्या दिसल्या, त्यांनी दार वाजवलं, आणि दार उघडून आई बाहेर आली. लुगडं खोचलेलं, हात कोपरापर्यंत फेसाचे. ती चादर धूत होती. नळ चालू, त्यामुळे काहीच ऐकू गेलं नव्हतं. काकू तिच्यावर रागावल्या, आई काकूंवर. मग तिनं वर, कॅमेऱ्याकडे बघितलं. तिला मी दिसत नव्हते, पण माझं रडणं तिला ऐकू जात असावं.

"अगं, आहे मी," ती म्हणाली. "आहे."

मी तिला काहीच सुचवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं आपणहूनच सुरू केलं. मोरीत जाण्याआधी ती दाराशी थांबते आणि, बायका घराबाहेर पडताना म्हणतात तसं, मोठ्यानं म्हणते, "येते गं." बाहेर आली की म्हणते, "आले." बस्स. मी घरी असो वा कंपनीत, फोन माझ्या हातात असो वा गेटवरच्या खणात. ते सगळं कॅमेऱ्यात साठून राहतं. शिफ्ट सुटली की बसमध्ये मी कानाला लावून ऐकते. सकाळचं येते, आले. दुपारचं येते, आले. मग फोन पिशवीत ठेवते आणि खिडकीला डोकं टेकून झोपते.

गेल्या गुरुवारी मी तिच्याकडेच होते. उंबऱ्यापाशी बसून मेथी निवडत होते. आई उठली, कपाटाला धरलं, चौकटीला धरलं, मोरीच्या दाराशी थांबली आणि सवयीनं वर बघून म्हणाली, "येते गं."

मी मागून म्हटलं, "ये."